अनुभव धागा: लेओव्हरचे (दोन फ्लाइटमधल्या मुक्कामाचे) उरलेले तास तुम्ही कुठे घालवता?

उजवी सीट

परवा घरच्या एका कार्यात काका म्हणाले, "तुमचं काय बुवा, फुकटात जग फिरता." मी हसून विषय बदलला. त्याच आठवड्यात मी फ्रँकफुर्टला २६ तास होते आणि त्यातले निम्म्याहून जास्त पडदे ओढून छताकडे बघण्यात गेले होते.

सात वर्षं झाली लाँग हॉलवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या फ्लाइटवर. नवी होते तेव्हा प्रत्येक शहर 'उरकायची' घाई असे. मग परतीच्या फ्लाइटला पहाटे तीन-साडेतीनला डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. आता हिशेब उलटीकडून करते. आधी पिकअपची (हॉटेलहून विमानतळाला न्यायला गाडी येते ती) वेळ, त्यातून निघण्यापूर्वीची सलग झोप वजा, उतरल्यावरची डुलकी वजा, जे उरेल ते आपलं. सहा-सात तास हाती लागतात.

त्या सहा-सात तासांत काय करता ते लिहा. कॅप्टन, एफओ (फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक), केबिन क्रू, घरची मंडळी, कुणीही. प्रेक्षणीय स्थळांची यादी नको, जिथे पाय पुन्हा पुन्हा वळतात ते सांगा. कंपनीचं आणि हॉटेलचं नाव टाळा.

माझं लंडन. भुयारी रेल्वेची पिकॅडिली लाइन, लेस्टर स्क्वेअरला उतरून नॉर्दर्न लाइन, चॉक फार्म, आणि तिथून चालत १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला शिकताना बाबासाहेब या घरात राहायचे. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं, आता तिथे संग्रहालय आहे. पहिल्यांदा गेले ती बाहेरून फोटो काढून परतायचं ठरवून. दारातच अस्सल नागपुरी मराठी कानावर आलं. एक आजी एका हाताने कठडा धरून, दुसरा छातीशी जोडून जिना चढत होत्या. त्यांच्या मागून मीही वर गेले. तेव्हापासून चार वेळा झालं. नंतर जवळच्या प्रिमरोज हिलवर बसायचं, खाली सगळं लंडन पसरलेलं असतं आणि पर्समध्ये आईने दिलेला एखादा लाडू.

सोलापुरी चादर

नारिता. टोकियोला नाही गेलो कधी, म्हणजे दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा लोकलमध्ये झोपून पुढच्या स्टेशनात उतरलो. त्यानंतर शहाणा झालो.

नारिता गाव विमानतळापासून केईसेई लाइनने दहाएक मिनिटांवर आहे. स्टेशनपासून देवळापर्यंत उतरती, वळणावळणाची जुनी पेठ. उनागीची (भाजलेल्या वाम माशाची) दुकानं ओळीने. दुकानाच्या तोंडाशीच पाटावर जिवंत वाम चिरत बसलेली माणसं. आमच्या घरात अंडंसुद्धा वेगळ्या भांड्यात उकडतात, त्यामुळे पहिल्या खेपेला मी मान दुसरीकडे वळवून झपाझप चालत गेलो.

देऊळ म्हणजे नारितासान शिन्शोजी, स्थापना इसवी सन ९४० ची. आत मोठा ढोल वाजायला लागला, भिक्षू येऊन बसले आणि मधोमध अग्नी पेटवला. एकेक समिधा टाकत मंत्र सुरू. लय ओळखीची, शब्द मात्र कळेनात. नंतर एका पत्रकावर वाचलं की या विधीला 'गोमा' म्हणतात. गोमा म्हणजे आपला होम! संस्कृत शब्द चीनमार्गे जपानला पोचला आणि तिथल्या जिभेवर तसा बसला. मुख्य देव फुदो म्योओ, म्हणजे अचल. त्याचा मंत्र ते 'नोमाकु सामांदा...' असा म्हणतात, मूळ 'नमः समन्त...' मला तिथे आमच्या वास्तुशांतीला धुराने डोळे पुसणारे वडील आठवले.

विधी संपल्यावर लोक आपापल्या पिशव्या, पाकिटं घेऊन रांगेत पुढे जातात. भिक्षू ती वस्तू ज्वाळांजवळ धरून परत देतात. मी फ्लाइट बॅग हॉटेलवर ठेवून आलो होतो, म्हणून खिशातलं पाकीट दिलं. पुढच्या खेपेला लॉगबुक (उड्डाणांच्या नोंदींची वही) नेलं. हसा खुशाल.

नारिताच्या रोस्टरवर आता मी नाही, फ्लीट बदलली, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या विमानांवर गेलो. उनागी शेवटच्या खेपेला खाल्ली. आईला हा धागा दाखवू नका.

घारेअण्णा

आमचं सगळं देशातलं, एटीआर, म्हणजे पंख्यांची छोटी विमानं. आपल्याकडे नाइट हॉल्ट म्हणतात, लेओव्हर वगैरे मोठ्या विमानवाल्यांचे शब्द. इंदूरचं दुःख सांगतो. सराफा, म्हणजे तिथला रात्रीचा खाऊबाजार, जागा होतो सराफांची दुकानं बंद झाल्यावर, म्हणजे रात्री नऊ-दहानंतर. सकाळचा पिकअप पावणेपाचला. साबुदाण्याची खिचडी, भुट्टे का कीस, ताटाएवढा जलेबा, हे सगळं आपल्या झोपायच्या वेळेला कढईत पडतं. तीन वर्षांत सराफा एकदाच धड पाहिला, तोही विमान नादुरुस्त होऊन एक दिवस जास्त अडकलो तेव्हा. एरवी छप्पन दुकानला संध्याकाळी सातला पोहे खाऊन गपचूप खोलीत.

उजवी सीट

@घारेअण्णा, पावणेपाचचा पिकअप म्हणजे झोप नाहीच ती, नुसतं आडवं होणं.

कार्गोवाला

मी परदेशी कंपनीत ७४७ मालवाहू चालवतो. आम्हाला टाळ्या नाहीत, बाळांची रडारड नाही आणि लेओव्हर असतात अँकोरेजला. विमान पूर्ण भरलं की आशियातून अमेरिकेच्या आतल्या शहरापर्यंत एका दमात जाण्याइतकं इंधन घेता येत नाही, घ्यायचं तर माल कमी करावा लागतो. म्हणून अलास्कात थांबा, इंधन भरा, क्रू बदला.

जूनमध्ये तिथे १९ तासांवर दिवस असतो, सूर्य रात्री साडेअकराच्या पुढे मावळतो. शरीर म्हणतं दुपार, घड्याळ म्हणतं झोप, मुंबईत बायको म्हणते मुलाचा शाळेचा डबा भरतेय. पडद्याच्या फटीला लावायला हँगरचे चिमटे सोबत ठेवा, यावर वाद घालू नका.

मी सायकल भाड्याने घेतो. टोनी नोल्स कोस्टल ट्रेल, शहरातून किनाऱ्याकिनाऱ्याने किनकेड पार्कपर्यंत, एका बाजूने सुमारे १८ किलोमीटर. मध्ये पॉइंट वोरोन्झोफला धावपट्टीचं टोक जवळ आहे, डोक्यावरून अजस्र विमानं उठतात. सुट्टीत विमानं बघत बसणारा वैमानिक म्हणजे रविवारी दुसऱ्याच्या वर्गात जाऊन बसणारा मास्तर, पण मी बसतो. एकदा वळणावर मूस (तिथलं थोराड हरीण) आडवं उभं होतं. घोड्याहून उंच, सोबत पिल्लू. तिथल्या फलकांवर लिहिलेलं असतं की मूस अंगावर आलं तर पळा आणि झाडामागे व्हा. मी सायकल टाकून आधीच झाडामागे. वीस मिनिटं ते दोघे पाला खात होते आणि मी झाडाशी बोलत होतो.

स्लॅम-क्लिक

नावातच कबुली आहे. दार धाडकन, कडी टक्, की थेट पिकअपलाच उघडायचं, अशा माणसाला क्रूमध्ये हेच म्हणतात. कमीपणा वाटत नाही. पन्नाशी उलटली. खोलीत छोटा राइस कुकर, मुगाची खिचडी, लिंबाचं लोणचं, आणि लेकीचा गणिताचा अभ्यास व्हिडिओवर. मेलबर्नला सहाव्यांदा जाऊन आलो, पाहिलं ते खिडकीतून दिसणारं पार्किंग. एकदा खिचडीच्या वाफेने स्मोक डिटेक्टर वाजला आणि सगळा मजला पायजम्यात खाली उतरला. त्यात आमचा चीफ पायलटही होता. तेव्हापासून कुकर बाथरूममध्ये, एक्झॉस्टखाली.

नव्या पोरांना एकच सांगतो: फुकेतला ४८ तास मिळाले म्हणून स्कूबा करू नका. डाइव्हनंतर किमान २४ तास तरी विमानात बसायचं नाही, आणि ती २४ तासांची बेरीज नेहमी पिकअपशी जाऊन भिडते. स्नॉर्कल लावा, मासे तेच दिसतात. रम घातलेली चॉकलेटं, अल्कोहोलवाला माउथवॉश, हेही ब्रेथ अ‍ॅनलायझरच्या आधी नको.

कॅप्टनची बायको

मी एकदाच लेओव्हरला सोबत गेले, स्टाफ तिकिटावर. फ्रँकफुर्ट. शनिवार मस्त गेला. रविवारी परतीचं विमान भरलं. स्टाफ तिकीट म्हणजे जागा उरली तर. नाही उरली. ज्या विमानात मला जागा नव्हती ते माझा नवराच घेऊन गेला! काचेतून बघितलं मी पुशबॅक होताना, म्हणजे विमान मागे ढकलून बाहेर काढताना.

आणि जर्मनीत रविवार म्हणजे कडकडीत बंद. क्लाइनमार्क्टहालं नावाची सुंदर मंडई आहे, तीही बंद. मुख्य स्टेशनातली दुकानं तेवढी उघडी. ब्रेड-चीज घेऊन पाल्मेनगार्टनला गेले. काचेच्या उष्ण घरात केळीची झाडं होती, तिथल्या बाकावर बसून चिडचिड करत अख्खा ब्रेड संपवला. सोमवारी जागा मिळाली. अजूनही हा माणूस 'चल ना माझ्याबरोबर' म्हणतो.

उजवी सीट

@कॅप्टनची बायको, पुशबॅक वाचून कॉफी सांडली.

वडाप

सिंगापूर. पुलाऊ उबिन बेटावर जायला चांगी पॉइंटहून लाकडी होडी मिळते. बारा माणसं जमली की सुटते, वेळापत्रक नाही. आमच्या कराड-पाटण वडापसारखंच (माणसं भरली की सुटणारी जीप), म्हणून तर हा आयडी घेतला. पलीकडे धक्क्यालाच भाड्याच्या सायकली, पुढे खारफुटी, रानडुकरं. परतताना अंधार पडायच्या आत निघा, बारावा माणूस लवकर जमत नाही. मी एकदा जास्तीच्या सीटचे पैसे भरून आलो होतो, पिकअपला चाळीस मिनिटं उरलेली. अंघोळ झालीच नाही. कॅप्टनने कॉकपिटमध्ये नुसतं नाक उडवलं.

डावीकडून तिसरा

बाकूला कुणाला मिळाला लेओव्हर तर शहराबाहेर सुराखानीचं आतेशगाह चुकवू नका. जुन्या हिंदुस्थानी व्यापाऱ्यांचं अग्निमंदिर, भिंतीवर देवनागरी आणि गुरुमुखी शिलालेख. जमिनीतला नैसर्गिक वायू १९६९ मध्ये संपला, आता ज्योत पाइपच्या गॅसवर. टॅक्सीवाला हिंदी सिनेमाची गाणी म्हणत होता. तो म्हणाला वाचून दाखव, मी बोट ठेवून 'श्री गणेशाय' वाचलं आणि पुढे अडखळलो, अक्षरवळण फारच जुनं. तो खूश, मी ओशाळलो.

उजवी सीट

@सोलापुरी चादर, लॉगबुकची कल्पना ढापतेय. @कार्गोवाला, मूसचा फोटो टाका, झाडामागून काढलेला असला तरी चालेल. पिकअप ४:१० ला आहे, फोन बंद करते. धागा चालू ठेवा.