डिप्लोर, कंडेम, डिस्पाइज: सगळ्यांपुढे एकच मराठी शब्द कसा?

पेठेतला_परीक्षार्थी
स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजी पेपरची तयारी करतोय. क्लासच्या नोट्समध्ये हेट, डिटेस्ट, लोद, अ‍ॅबहॉर, डिस्पाइज या पाचांपुढे ‘तिरस्कार करणे’ एवढंच लिहिलंय. कंडेम आणि डिप्लोर, दोन्हींपुढे ‘निषेध’. पाठांतराला ना नाही, पण निबंधात कुठला कुठे टाकायचा? कुणी उलगडून सांगेल का?

डेस्कवरची_ताई
एजन्सीच्या बातम्या मराठीत करणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे डिप्लोरशी रोजची झटापट. रशिया युक्रेनमध्ये घुसला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २५ फेब्रुवारी २०२२ ला, सुरक्षा परिषदेत ठराव आला. मसुद्यात आधी कंडेम होतं. चीनने निदान तटस्थ राहावं म्हणून ते खोडून डिप्लोर घातलं. चीन राहिलाही तटस्थ, भारत आणि यूएईसुद्धा. (रशियाने नकाराधिकार वापरलाच, ते सोडा.) २ मार्चला आमसभेतही डिप्लोरच, दोन्हीकडे ‘अत्यंत कडक शब्दांत’. १४१ विरुद्ध ५ मतांनी मंजूर, ३५ तटस्थ, त्यात आपण.

म्हणजे कंडेममध्ये दोषी ठरवणं येतं. फाशीची शिक्षा झालेल्यालाही इंग्रजीत हाच शब्द लावतात. डिप्लोर म्हणजे ‘हे झालं ते वाईट झालं, आम्हाला अमान्य आहे’. मी ‘तीव्र नापसंती’ लिहिते, उपसंपादक त्याचा ‘निषेध’ करतात, कारण मथळ्यात तोच बसतो!

आणि डिप्लोर करायचं ते कृत्याला, माणसाला नव्हे. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी ट्रम्पच्या निम्म्या समर्थकांना ‘डिप्लोरेबल्स’च्या टोपलीत टाकलं. त्या लोकांनी तो शब्द टी-शर्टवर छापून मिरवला.

बाकीचे झटपट: लोदमध्ये शिसारी आहे, अंगावर येणारी. अ‍ॅबहॉर तत्त्वाच्या गोष्टींना, हिंसा, अस्पृश्यता वगैरे. डिटेस्ट कारल्यालाही चालतं. डिस्पाइज करायला मात्र समोरचा आपल्या नजरेतून उतरलेला लागतो. साहेबाचा राग राग करणं वेगळं, त्याला कवडीची किंमत न देणं वेगळं.

खवट_मालवणी
ताईंनी सगळा मलिदा खाल्ला, मी उरलंसुरलं वाढतो. लोदच्या स्पेलिंगमधला शेवटचा ई गळला की तो ‘लोथ’ होतो, म्हणजे नाखूश. ‘जायला नाखूश आहे’ लिहायला जाल आणि ‘जायची शिसारी येते’ होऊन बसेल. परीक्षकाला हसू येईल, मार्क नाही.

पेठेतला_परीक्षार्थी
ताई, भारीच! एक शेवटचं. पुलवामानंतर २०१९ मध्ये सुरक्षा परिषदेच्या निवेदनात हल्ल्याला ‘हीनस अँड कावर्डली’ म्हटलं होतं. दुसरा ‘भ्याड’. पहिल्याला ‘निर्घृण’ चालेल?

डेस्कवरची_ताई
निर्घृण म्हणजे दयामाया नसलेला. हीनसमध्ये क्रौर्यापेक्षा नीचपणावर बोट आहे. मी ‘नीच आणि भ्याड’ लिहीन. त्या वाक्यात क्रियापद कंडेमच होतं, तेही बघून ठेव.