‘मासिक पाळी दारिद्र्य’ : हा शब्द मराठीत चालेल का?

दुपारची_लोकल
२८ मेसाठी, म्हणजे मासिक पाळी स्वच्छता दिनासाठी, एक पत्रक मराठीत आणायचं आहे. मूळ इंग्रजी, चार पानी, मुंबईत मानखुर्द-गोवंडी पट्ट्यात वाटायचं. गाडी मथळ्यावरच अडली आहे: ‘पीरियड पॉव्हर्टी’, म्हणजे पैशाअभावी पॅडसारख्या पाळीच्या वस्तू न मिळणं. आधीच्या मसुद्यात ‘मासिक पाळी दारिद्र्य’ केलं होतं. तिथल्या साठेनगरमध्ये तो वाचून दाखवला तेव्हा अर्थ लागला तो असा: पाळीत शिवाशिव झाली तर घरात दारिद्र्य येतं. म्हणजे पत्रक ज्याच्या विरोधात, नेमकं तेच.
दुसरा मासला, ‘ॲक्सेस टू मेन्स्ट्रुअल केअर’ म्हणजे ‘मासिक पाळी काळजीत प्रवेश’. हा मी खोडला आहे, त्यावर चर्चा नको. पहिल्याला काय करू?

काना_मात्रा
दोष समासाचा आहे. दोन नामं शेजारी ठेवली की मराठी वाचक मधली विभक्ती स्वतः भरतो. ‘पाळीसाठी लागणाऱ्या गोष्टींचं दारिद्र्य’ एवढा लांब पल्ला कोणी गाठत नाही, ‘पाळीने येणारं दारिद्र्य’ जवळ पडतं. ‘इंधन-दारिद्र्य’ (इंधन न परवडणं) हेही असंच लंगडं आहे, पण इंधनाला विटाळ नसल्यामुळे खपून जातं. शिवाय कानाला ‘दुःखदारिद्र्य’ची सवय. त्यामुळे ‘पाळी आणि दारिद्र्य’, दोन्ही संकटं जोडीने, असाही भास होतो.
‘पाळी-साधन-वंचितता’ निर्दोष आहे.

वस्तीताई
निर्दोष असेल हो. पण पत्रक दारावर उभं राहून वाचायचं असतं.

जुनाट
आपल्याकडे यासाठी अगदी नेमका शब्द पडून आहे: ददात. ‘अन्नवस्त्राची ददात’. पैसा नसणं आणि वस्तू नसणं दोन्ही त्यात येतं. ‘पाळीची ददात’. संस्कृतचं ओझं नाही, इंग्रजीची सावली नाही.

काना_मात्रा
ददात हल्ली ‘नाही’शिवाय चालतच नाही. ‘कशाची ददात नाही’ असंच आपण म्हणतो. नुसतं ‘ददात’ छापलंत तर वाचक पुढच्या ‘नाही’ची वाट बघत बसेल.

बांधावरून
मुळात ‘पाळी’ हाच शब्द नीट समजून घ्या. शेतात ‘कुळवाच्या दोन पाळ्या द्या’ म्हणतात, म्हणजे दोन फेऱ्या. पाण्याची पाळी असते, रात्रपाळी असते. फिरून येणारी वेळ, बस्स. त्यात विटाळ नाही, आजार नाही. विटाळ येतो तो ‘बाहेरची’, ‘दूर बसणे’, ‘कावळा शिवणे’ यांतून. ‘पाळी’ इतका स्वच्छ शब्द दुसऱ्या भाषेत सापडणार नाही. मला तर वाटतं तो ‘पाळणे’पासूनच आला, कारण ती वेळ पाळते.

जुनाट
‘पाळणे’शी संबंध लावू नका. ओळ किंवा कड या अर्थाच्या ‘पालि’कडे पाहा. कानाची पाळीही तिथलीच.

बांधावरून
कानाच्या पाळीचा आणि रात्रपाळीचा काय संबंध ते सांगा मग.

जुनाट
ओळ लागते, ओळीत नंबर येतो, नंबर म्हणजे पाळी. सरळ आहे.

एम_पूर्व
व्युत्पत्ती चालू द्या, पण मला शंका दुसऱ्या टोकाची आहे. ‘पॉव्हर्टी’ हा भाग तरी इथे लागू पडतो का? स्कॉटलंडने २०२१ चा कायदा करून १५ ऑगस्ट २०२२ पासून पॅड-टॅम्पॉन मोफत मिळणं हा हक्क केला. तिथे नळाला पाणी आहे, संडासाला कडी आहे, कचऱ्याची गाडी येते. राहता राहिला पैसा. म्हणून तिथे ‘पॉव्हर्टी’ बरोबर बसतं.
इथला हिशेब मांडा. दिवसाला ४ पॅड, ५ दिवस, म्हणजे २०. जनऔषधी केंद्रातला ‘सुविधा’ पॅड २०१९ च्या ऑगस्टपासून १ रुपयाला आहे, म्हणजे महिन्याचे २० रुपये. दुकानातला ६ रुपयांचा धरला तर १२०. घरात तिघी असतील तर ३६०. हे झालं पैशाचं. आता तीच बाई पैसे टाकून जायच्या संडासात जाते. पॅड बदलायला दिवसाला तीन जादा फेऱ्या, प्रत्येकी ३ रुपये धरले तर पाच दिवसांचे ४५. एक रुपयावाला पॅड घेणारीला पॅडपेक्षा दाराचे पैसे दुपटीहून जास्त. रात्री संडास बंद असेल तर सकाळपर्यंत एकच पॅड. याला ‘दारिद्र्य’ म्हणून काय कळणार?

काना_मात्रा
म्हणजे ‘गैरसोय’. सोय आणि गैरसोय हे मराठीतले फार ताकदीचे शब्द आहेत. आपणच त्यांना ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’च्या पाट्यांवर वाया घालवलं.

वस्तीताई
गैरसोय म्हणजे लिफ्ट बंद असणं. हे त्याहून मोठं आहे.

दुपारची_लोकल
वर्तमानपत्रांचा ठरलेला शब्द ‘कुचंबणा’. महिला स्वच्छतागृहांच्या प्रत्येक बातमीत ‘महिलांची कुचंबणा’. तो घेऊ का?

जुनाट
कुचंबणं म्हणजे जागा न मिळाल्याने आखडणं. कुंडीत रोप कुचंबतं. संडासाला चपखल आहे, पॅड परवडत नसण्याला नाही. दोन्हींना पुरेल तो शब्द ‘परवड’. ‘पाळीची परवड’. अनुप्रासही आयता. आणि गंमत बघा, ज्याला परवडत नाही त्याची परवड होते!

काना_मात्रा
ही गंमत कोटीपुरतीच ठेवा. ‘परवडणे’ हिशेबातलं क्रियापद, ‘परवड’ म्हणजे हाल. आणि ज्ञानेश्वरीतली ‘परवडी’ म्हणजे प्रकार, तऱ्हा. उच्चार सारखा म्हणून सोयरीक जुळवायची नसते.

जुनाट
सोयरीक लोकांनी जुळवली की जुळली. भाषा अशीच चालते.

काना_मात्रा
कालपर्यंत तुम्हीच ‘दिनांक’ऐवजी ‘डेट’ म्हणणाऱ्यांवर तुटून पडत होतात.

वस्तीताई
‘डेट’ तर या धाग्यातला सगळ्यात चालणारा शब्द आहे. ‘डेट आली’, ‘डेट चुकली’, ‘एमसी’, ‘पिरेड’. सतरा-अठरा वर्षांच्या मुली ‘पाळी’सुद्धा हळू आवाजात म्हणतात, ‘पिरेड’ मोठ्याने. उसन्या शब्दाला लाज चिकटलेली नसते, म्हणून तो चालतो. ‘ऋतुस्राव’, ‘रजःस्राव’ छापलंत तर पत्रकाची पुडी बांधली जाईल. आणि कृपा करून ‘मासिक धर्म’ नको, तो हिंदी पोस्टरांतून सरळ उचललेला आहे. मराठीत धर्म म्हटलं की पुढे काय पाळायचं याची यादी येते.

बांधावरून
पाळायचं! बघा, पाळणे आलंच.

एम_पूर्व
😀

दुपारची_लोकल
मथळा बाजूला ठेवते. आतल्या मजकुरात अडलेले तीन शब्द: रियूजेबल पॅड, बायोडिग्रेडेबल, इन्सिनरेटर. आधीच्या मसुद्यात अनुक्रमे ‘पुनर्वापरयोग्य शोषक पट्टी’, ‘जैवविघटनशील’, ‘पॅडदाहिनी’.

एम_पूर्व
दाहिनी अजिबात नको. मुंबईत दाहिनी एकच, विद्युतदाहिनी, आणि ती स्मशानात. ‘पॅड जाळायची भट्टी’ लिहा. भट्टी म्हटलं की तापमानाचंही बोलता येतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना ८०० अंश सेल्सियसच्या वरची भाषा करतात. शाळा-संडासांत भिंतीला टांगलेल्या छोट्या विजेच्या पेट्या तिथवर पोचत नाहीत. ओला पॅड टाकला की आधी त्यातलं पाणी उडण्यात उष्णता जाते, प्लास्टिकचा थर अर्धवट जळतो आणि काळा धूर होतो. क्लोरीन असलेलं काही त्यात असेल तर डायॉक्सिन या विषारी द्रव्याची भीती. धुराडं छपरापर्यंत न नेता खिडकीतून बाहेर काढलेलं असतं, मग शेजारचे तक्रार करतात आणि पेटीची पिन काढून ठेवली जाते. त्यानंतर ती पेटी नुसती कचऱ्याचा डबा. पत्रकात ‘एका वेळी किती, किती मिनिटांनी पुढचे, राख कोण काढणार’ एवढं हवंच.

काना_मात्रा
‘जैवविघटनशील’मध्ये मात्र घोटाळा शब्दाचा नाही, मालाचा आहे. ‘सुविधा’वर लिहिलेलं असतं ‘ऑक्सो-बायोडिग्रेडेबल’. म्हणजे प्लास्टिकमध्ये असं द्रव्य मिसळलेलं की हवा-उन्हाने त्याचे तुकडे पडतात. तुकडे पडणं आणि कुजणं एक नव्हे. ‘विघटन’ म्हटलं की दोन्ही एका पोत्यात. ‘कुजणारा’ हा शब्द लिहिलात तर बाई तो खड्ड्यात पुरेल आणि पावसानंतर प्लास्टिक वर येईल.

जुनाट
‘कुजणारा पॅड’ कोण विकत घेईल?

वस्तीताई
‘मातीत मिसळणारा’. आणि जो मिसळत नाही त्यावर तसं लिहू नका.
‘शोषक पट्टी’बद्दल काय बोलू! ‘शोषक’ म्हटलं की सावकार आठवतो. कापडाला बायकांचा शब्द आहेच: घडी. ‘घडी घेणे’, ‘घड्या धुणे’. शिवलेल्याला ‘कापडी पॅड’.

जुनाट
घडी! काय शब्द काढलात. वेळ तीही घडी, दुमड तीही घडी.

वस्तीताई
शब्द राहू द्या, काम सांगते. घडी उलगडून एकेरी होते, म्हणून लवकर वाळते. शिवलेला जाड पॅड वरून कोरडा लागतो आणि आत दमट राहतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईत हाच प्रश्न. दिवसाला ३ बदल धरले आणि वाळायला तीन दिवस लागले तर ९ हातात हव्यात, वर १ जादा. पत्रकात ‘४ चा संच पुरेसा’ छापलं असेल तर ते उन्हाळ्यातही पुरत नाही. आधी थंड पाण्यात, गरम पाण्याने डाग बसतो. मग साबण, फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळून. कपडे मऊ करायचं द्रव घालायचं नाही, शोषणं कमी होतं. वाळवायला ऊन. चाळीत दोरीवर साडीखाली लपवून घातलेली घडी वाळत नाही, आंबते, आणि खाज-चट्टे तिथून सुरू होतात. एक तास का होईना, उघडी उन्हात. हे वाक्य ‘मोकळ्या हवेत वाळवावे’ असं नका लिहू. मोकळी हवा साठेनगरात कुठे आहे?

बांधावरून
कापड कोणतं?

वस्तीताई
सुती, वापरून मऊ झालेलं. सिंथेटिक साडी शोषत नाही. भारतीय मानक ब्युरोचं कापडी पॅडांसाठी वेगळं मानक आहे, आयएस १७५१४, २०२१ चं. फेकायच्या पॅडांचं आयएस ५४०५. देणगीत माल घेताना ते विचारावं.

दुपारची_लोकल
पान तीनवर नाण्याच्या मशीनचाही उल्लेख आहे. ‘विक्रययंत्र’?

एम_पूर्व
‘पॅडचं मशीन’. त्याच्याबद्दल दोन ओळी घाला: नाणं अडकतं ते का. पाच रुपयांचं जुनं जाड नाणं ९ ग्रॅमचं, नंतरचं पातळ ६ ग्रॅमचं, व्यास दोन्हींचा २३ मिलिमीटर. मशीन एकावर बसवलेलं असतं, दुसरं गिळतं किंवा परत फेकतं. दुसरं म्हणजे आतल्या स्प्रिंगचं अंतर ज्या जाडीच्या पॅडसाठी, तोच भरायचा. पातळ भरले तर एका नाण्यात दोन पडतात, जाड भरले तर एकही नाही. मशीन बंद पडतं ते बहुधा या दोन कारणांनी किंवा भरणाराच नसल्याने. चावी कोणाकडे, ते दारावर लिहा.

काना_मात्रा
अवांतर: ‘विल्हेवाट’ या शब्दावर कोणी बोललंच नाही. ‘विल्हे लावणे’ म्हणजे जागच्या जागी लावणे, नीट व्यवस्था करणे. आपण त्याचा अर्थ ‘नजरेआड फेकणे’ करून टाकला.

एम_पूर्व
अवांतर कसलं, इथेच सगळं अडतं. २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेला पॅड गुंडाळून द्यायचा आणि त्यासाठीची पिशवी उत्पादकाने द्यायची असं होतं. गुंडाळला नाही तर तो वेगळा करणाऱ्याच्या हाताला लागतो. संडासात टाकला तर आतली शोषक पूड पाणी पिऊन फुगते आणि नळी तुंबते. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची मोहीम चालवली, म्हणजे उघडून बघावं लागत नाही. पत्रकात हे घ्या.

दुपारची_लोकल
घेतलं. ‘लाल ठिपका’ की ‘लाल खूण’?

जुनाट
ठिपका. खूण कशाचीही असते.

वस्तीताई
ठिपका नको. डाग पडला की बायका त्यालाच ‘ठिपका दिसतोय’ म्हणतात. मुली हसत बसतील. ‘लाल फुली’.

काना_मात्रा
फुली म्हणजे चूक. शाळेच्या वहीत चुकीवर फुली असते.

बांधावरून
मग टिकली?

वस्तीताई
कचऱ्याला टिकली लावायची? सासवा पत्रक फाडतील.

दुपारची_लोकल
छपाईला उद्या सकाळी अकराला जायचं आहे. मथळ्यात तूर्तास ‘पाळीची परवड’ टाकलंय. गोल काढून खाली ‘असा लाल गोल काढा’ लिहिलं तर?

काना_मात्रा
‘लाल गोळा’ वाचतील. आणि मथळ्याला माझी हरकत नोंदवून ठेवा.