तोच वाघ, तीच वाट, तोच फोटो: मग चोरी कुणी केली?

सातपुडाकर
नागपुरातल्या एका प्रदर्शनावरून नुकताच जो धुरळा उडाला, तो ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वाघीण पाण्यातून बाहेर येतेय, मागचा पाय अजून पाण्यात, शेपटीवरून थेंब उडताहेत, असा फोटो भिंतीवर लागला होता. दुसऱ्या एका व्यावसायिक फोटोग्राफरने 'माझी फ्रेम ढापली' असा जाहीर आरोप केला. मग कळलं की त्या सकाळी दोघंही एकाच पाणवठ्यावर होते, सफारीच्या जिप्सीला जिप्सी लागून. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाइल, दोघांकडेही आहे.

माझ्या मते चोरी झालेलीच नाही. पण 'माझी' म्हणून भांडावं इतकं त्या फ्रेममध्ये दोघांचंही काही नाही. ताडोबा घ्या, पेंच घ्या, उमरेड-पवनी-कऱ्हांडला घ्या: गाडी ठरलेल्या रस्त्यावरच, खाली पाय ठेवायचा नाही, आत-बाहेर होण्याची वेळ ठरलेली. सूर्य सगळ्यांना एकाच बाजूने. वाघ कुठून निघेल ते गाईड सांगतो, गाडी किती तिरपी लावायची ते ड्रायव्हर ठरवतो. उरलं काय? लेन्सचा हप्ता आणि बटण. म्हणून फोटोखाली गाईड आणि ड्रायव्हरचं नाव सहकर्ते म्हणून आलंच पाहिजे.

काळाकोट
कायद्यापुरतं बोलतो. कॉपीराइट कायदा, 1957 मध्ये फोटोचा कर्ता कोण हे सरळ लिहिलंय: फोटो काढणारी व्यक्ती. गाईड कितीही मोलाचा असला तरी या व्याख्येत बसवणं कठीण आहे.

चोरीचं म्हणाल तर 1978 च्या आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की कल्पनेवर, विषयावर हक्क नसतो. ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर असतो. पाण्यातून निघणारी वाघीण हा कुणाच्या बापाचा विषय नाही. दोघांनी आपापला कॅमेरा चालवला, एकाने दुसऱ्याचं पाहून काही केलं नाही, तर तिथे नक्कल नाहीच.

धरमपेठी
'लेन्सचा हप्ता आणि बटण' हे वाचून हसावं की रडावं कळेना. सातपुडाकर, माझं पोट यावर आहे. त्याच पाणवठ्यावर दहा जिप्स्या असतात, प्रत्येकीत दोन-तीन तरी कॅमेरे. संध्याकाळी सगळ्यांचे फोटो शेजारी ठेवून बघा. आठ जणांनी वाघ मधोमध ठेवून शेपटी कापलेली असते. एकाचा शटर स्पीड इतका की थेंब हवेत गोठलेत, दुसऱ्याने तो मुद्दाम खाली आणून पाण्याची रेघ ओढलीय. एखादाच असा निघतो जो वाघावरून फोकस काढून मागे थिजलेल्या चितळावर नेतो. ही निवड सेकंदाच्या आत होते आणि ती गाईड करत नाही. गाईडला मी टिप देतो, जेवू घालतो, दिवाळीला घरी जातो. पण कर्ता? उद्या लग्नाच्या अल्बमवर मांडववाल्याचं नाव घालायचं का?

सावजी_रस्सा
मांडववाला निदान नवरदेव कुठून येणार ते सांगत नाही बाप्पा! 😄

सातपुडाकर
धरमपेठी, तुम्ही सांगितलेला तो चितळवाला फोटो मला मान्य. तो खरंच त्याचा. पण विकले जातात ते कोणते? समोरून चालत येणारा हेडऑन, माय-लेकरं, आणि पाण्यात बसलेला वाघ. कॅलेंडरं, लॉजच्या भिंती, सरकारी पुस्तिका, सगळीकडे हे तीन. हे तीन पुन्हापुन्हा काढणाऱ्याने फोटोच्या कोपऱ्यात वॉटरमार्क ठोकून मौलिकतेच्या गप्पा मारू नयेत.

गोरेवाडा_पक्षी
बटण दाबणारा हाच कर्ता मानलं तर कॅमेरा ट्रॅपचं, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचं, काय? 1920 च्या दशकात वन खात्यातल्या एफ. डब्ल्यू. चॅम्पियननी तार लावून वाघांचे रात्रीचे फोटो काढले. तारेवर पाय वाघाचा पडायचा, तरी ते फोटो वाघाचे म्हणून कुणी छापले नाहीत. 2020 चा वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर हा किताब सर्गेई गोर्श्कोव्हला मिळाला तो झाडाला मिठी मारणाऱ्या सायबेरियन वाघिणीच्या फोटोसाठी. कॅमेरा ट्रॅपच होता, त्याला 11 महिने लागले. क्लिकच्या वेळी तो तिथे नव्हता, पण कुठलं झाड, कुठली उंची, प्रकाश कुठून, हे सगळं त्याचं.

उलट बाजूला इंडोनेशियातलं माकड. डेव्हिड स्लेटर या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यावर त्याने स्वतःच काढलेले सेल्फी 2011 मध्ये छापून आले. माकडाच्या वतीने अमेरिकेत दावा झाला आणि 2018 मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की तिथल्या कॉपीराइट कायद्याखाली प्राण्याला दावा लावता येत नाही. स्लेटरचं म्हणणं होतं की ट्रायपॉड, सेटिंग, माकडांचा विश्वास, सगळं मी जमवलं. माझा कल त्याच्याकडे आहे. म्हणजे जो जमवतो तो कर्ता. आणि मग सातपुडाकरांचा ड्रायव्हर अगदीच बाहेर राहत नाही.

धरमपेठी
जमवण्याचं कौतुक सांभाळून करा. 2009 साली याच स्पर्धेत फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा फोटो पहिला आला होता. परीक्षकांना तो लांडगा बहुधा पाळीव वाटला आणि बक्षीस काढून घेतलं. 2017 च्या एका विजेत्या फोटोतलं मुंगीखाऊ पेंढा भरलेलं असावं असा निष्कर्ष निघाला, तोही बाद. दोघांनी आरोप नाकारले. जमवाजमव तर भरपूर केलेली दिसते!

माजी_गाईड_मोहर्ली
मी वाचत होतो, आता लिहितो. सातपुडाकर साहेब, तुमी आमच्या बाजूनं बोलता, बरं वाटलं. पण नाव नका छापू.

काऊन सांगतो. सांबराचा कॉल, म्हणजे वाघ दिसल्यावरचं ओरडणं, आला की सांबर कोणत्या दिशेला पाहून ओरडते, ते आमी पाहतो. चितळ एकदा ओरडून चरायला लागलं तर आमी तिथं थांबत नाही. हे ज्ञान आमचं आहे, खरं आहे. पण आमच्या पोट्ट्यांना आधीच साइटिंगचा, म्हणजे वाघ दाखवायचा, ताण असते. मागच्या सीटवरचा म्हणते, भाऊ थोडी पुढं घ्या, थोडी आडवी घ्या. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-कऱ्हांडल्यात वाघीण अन् तिचे बछडे जिप्स्यांनी घेरले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. निलंबन कोणावर आलं? गाईड अन् ड्रायव्हरवर. आता त्यात फोटोखाली नाव येणार म्हटलं तर तो गाडी अजून घुसवन. दुसरं, तो फोटो चुकीच्या जागेवरून काढला असं निघालं तर तुमचा सहकर्ता पयला सापडन.

द्यायचंच असन तर जंगल बंद असते तवा काम द्या. पावसाळ्यात कोअर, म्हणजे आतलं राखीव जंगल, बंद राह्यते.

सातपुडाकर
दादा, घुसवण्याचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, पण मी मागे हटत नाही. घुसवणारा नावाशिवायही घुसवतोच, टिपसाठी. नाव नसलं की शिक्षा तेवढी गाईडची आणि कौतुक फोटोग्राफरचं. तुमच्याच उदाहरणात तेच झालंय. मुंबईच्या किंवा पुण्याच्या प्रदर्शनात 'ताडोबा, महाराष्ट्र' एवढंच लिहिलेलं असतं, जणू फोटोग्राफर एकटा पायी चालत गेला होता.

काळाकोट
नावाच्या भांडणात एक गोष्ट सुटतेय. धरमपेठी, एखाद्या रिसॉर्टने पैसे देऊन 'आमच्यासाठी काढा' म्हटलं आणि तुम्ही काही लिहून घेतलं नाही, तर कलम 17 प्रमाणे पहिला मालक रिसॉर्ट. नोकरीत असाल तर मालक कंपनी. कर्ता तुम्हीच राहता, कलम 57 खाली 'हे माझं काम' म्हणण्याचा हक्कही राहतो, पण विकायचा हक्क गेला. 2012 च्या दुरुस्तीनंतर फोटोवरचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि पुढे 60 वर्षं टिकतो. तो एका व्हॉट्सॲप मेसेजवर 'ओके सर' लिहून देऊ नका.

धरमपेठी
दोन लॉजशी माझा व्यवहार असाच तोंडी आहे. काळाकोट, करारात काय काय लिहायचं ते इथेच टाका. आणि सातपुडाकर, माझ्या पुढच्या प्रदर्शनात आभाराच्या पाटीवर गाईड-ड्रायव्हरची नावं येतील, त्यांना विचारून. आभार म्हणून. सहकर्ते म्हणून नाही.

सातपुडाकर
आभाराची पाटी दाराशी असते, तिथे कुणी थांबत नाही. फोटोखाली लावा.

सावजी_रस्सा
अन् ज्या वाघिणीवरून सुरू झालं ते दोघं आता कुठं आहेत? एकाच जिप्सीत जाऊन भाडं तरी वाटून घ्या म्हणा राजेहो.