निवृत्त लष्करी अधिकाऱ्यानं आत्मचरित्रात सरकारी गैरव्यवहार लिहावा का?

वानवडीकर:
पुण्यात निवृत्त फौजींना तोटा नाही आणि त्यातले बरेच जण लिहितातही. पण खरेदीतली लबाडी किंवा दडपलेली चौकशी आली, की लेखणी अडते. ‘परवानगी लागते’ म्हणे. कुठल्या कायद्यानं? लष्करी नियम १९५४ मधला नियम २१ लष्करी कायद्याखाली असणाऱ्यांना, म्हणजे सेवेतल्यांना बांधतो. २०२१ ची पेन्शन नियमांतली दुरुस्ती गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांतून निवृत्त होणाऱ्या मुलकी कर्मचाऱ्यांसाठी आहे. लिहा की बिनधास्त!

कलम_पाच:
बिनधास्त? १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट, म्हणजे सरकारी गुपितांचा कायदा, निवृत्तीच्या दिवशी सुटत नाही. मेजर जनरल व्ही. के. सिंग (लष्करप्रमुख झाले ते वेगळे) यांनी २००७ साली ‘रॉ’मधल्या कारभारावर आणि खरेदीवर पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी सीबीआयचा छापा पडला, प्रकाशकही आरोपी झाला. अप्पा बळवंत चौकातला कुठला प्रकाशक ही जोखीम अंगावर घेईल?

वानवडीकर:
राफेल विमान खरेदीच्या प्रकरणात १० एप्रिल २०१९ ला सुप्रीम कोर्टानं सरकारचा गोपनीयतेचा दावा फेटाळला, तो विसरलात का?

कलम_पाच:
नाही विसरलो. फुटलेली कागदपत्रं कोर्टानं पाहावीत की नाही, एवढाच तिथं प्रश्न होता. कागद बाहेर आणणाऱ्याला त्यातून अभय मिळत नाही.

शिवाजीनगर_बार:
दोघंही एकाच कायद्याला धरून बसलात. बदनामीचं काय? कारगिल युद्धावेळच्या शवपेट्यांच्या खरेदीचं प्रकरण घ्या. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचे ताशेरे २००१ चे, सीबीआयचं आरोपपत्र २००९ चं, आणि २०१३ मध्ये विशेष न्यायालयानं आरोपींना दोषमुक्त केलं. मधल्या काळात एखाद्यानं नाव घेऊन ‘पैसे खाल्ले’ असं छापलं असतं, तर पुढची आवृत्ती कोर्टातच निघाली असती. माणूस वारला म्हणूनही सुटका नाही, मृताच्या बदनामीबद्दलही गुन्हा होतो.

म्हणून हस्तलिखित आधी वकिलाकडे, मग प्रकाशकाकडे. फायलीवरचे शेरे जसेच्या तसे उतरवू नका, फाइल नंबर वगळा. घरी ठेवलेल्या झेरॉक्स हा सगळ्यात मोठा धोका, कारण अनधिकृतपणे कागद बाळगणं हाच वेगळा गुन्हा आहे. आकडे कॅग किंवा संसदीय समितीच्या छापील अहवालातूनच घ्या, पानाच्या क्रमांकासह. ‘त्यानं लाच घेतली’ असं ठोकून देऊ नका. ‘माझी हरकत डावलून अमुक तारखेला मंजुरी दिली’ असं लिहा, तेही सिद्ध करता येत असेल तर.

लेफ्टराइट:
पण मुळात हे सेवेत असतानाच का नाही बोलत? लष्करी कायद्याच्या कलम २७ खाली अधिकाऱ्याला आधी कमांडिंग ऑफिसरकडे दाद मागून, ती न मिळाल्यास केंद्र सरकारकडे तक्रार करता येते. पेन्शन सुरू झाल्यावरचं शौर्य स्वस्त असतं.

वानवडीकर:
कलम २७ आहे स्वतःवरच्या अन्यायासाठी. दुसऱ्याची लबाडी त्यात बसवणार कशी? आणि जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा २०१४ चा कायदा राष्ट्रपतींच्या सहीनंतरही लागू झालेला नाही. १९६२ च्या चीन युद्धाबद्दल ब्रिगेडियर जॉन दळवींनी १९६९ मध्ये लिहिलं. त्याच पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारनं अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही. दळवी गप्प बसले असते, तर नामका चू नदीवरची आपली फळी कशी कोसळली हे तुम्ही कुठून वाचणार होतात?