मदत हवी आहे: दुकान आणि ऑनलाइन यांची सरमिसळ करणाऱ्या ग्राहकाला प्रश्न कसा विचारावा?

नमस्कार.

एम. कॉम.च्या प्रकल्पासाठी मी 'दुकान आणि ऑनलाइन अशा दोन्ही मार्गांनी होणाऱ्या साडीखरेदीकडे ग्राहक कसे पाहतात' हा विषय घेतला असून, पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर आतापर्यंत 62 जणींकडून प्रश्नावली भरून घेतली आहे. तिचा साचा फ्रेड डेव्हिस यांच्या 1989 मधील तंत्रज्ञान-स्वीकाराच्या प्रतिमानावर बेतला आहे. म्हणजे उपयुक्तता आणि वापरातील सुलभता हे दोन मुख्य घटक, आणि उत्तरांसाठी लिकर्टची पाच पायऱ्यांची श्रेणी ('पूर्ण असहमत'पासून मधल्या 'तटस्थ'वरून 'पूर्ण सहमत'पर्यंत).

गाडी पहिल्याच प्रश्नाला अडते: 'आपण साडी कोठून घेता? दुकानातून / ऑनलाइन / दोन्हीकडून.' गेल्या शनिवारी एका काकूंनी बिनदिक्कत 'दुकानातून'वर खूण केली. बोलता बोलता त्यांनी मोबाइल दाखवला, तर दुकानदाराने व्हॉट्सॲपवर पाठवलेले अकरा फोटो त्यात होते. त्यांतल्या तीन साड्या त्यांनी घरूनच बाजूला ठेवायला सांगितल्या होत्या. फोटोत निळी वाटणारी एक प्रत्यक्षात रामा रंगाची निघाली म्हणून नाकारली, दुसरीचा पदर उलगडून आणि काठ मागच्या बाजूने पाहून ती पसंत केली, आणि पैसे यूपीआयने दिले. वर "ऑनलाइन? छे, मला नाही बाई जमत ते!"

याउलट एका मुलीने 'ऑनलाइन'वर खूण केली. ती मात्र दुकानात कापड हाताने चाचपून, गुपचूप लेबलचा फोटो काढून, घरी गेल्यावर ॲपवर भाव ताडून पाहते.

मार्गदर्शकांच्या मते दोघींनाही 'दोन्हीकडून'मध्ये टाकावे. मला ते पटत नाही, कारण काकूंचा भरवसा दुकानदारावर आहे, तर मुलीला दुकान फक्त पोत पाहण्यापुरते हवे आहे, आणि एका रकान्यात घातल्यावर नेमका हाच फरक सरासरीत पुसला जाईल.

'ऑनलाइन खरेदी सुरक्षित वाटते' या विधानाला तर बहुतेकींनी 'तटस्थ' असे उत्तर दिले आहे. खोदून विचारले की कळते, शंका पैशांची कमी आणि साडी परत करण्याची जास्त आहे. 2020च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी लागते, असे मी एकींना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "पोच घेऊन काय करू? समोर बोलायला माणूस नको का?" हे उत्तर माझ्या पाच पायऱ्यांपैकी कुठल्या पायरीवर बसवायचे?

म्हणून जाणकारांना विचारायचे आहे की पाहणे, निवडणे, पैसे देणे आणि परत करणे या टप्प्यांवर वेगवेगळे प्रश्न विचारले, तर प्रश्नावली भरणारीला कंटाळा न येता ती किती लांबवता येईल? आणि भरून झालेले 62 अर्ज बाद करावेत, की त्यांना पूर्वचाचणी मानून पुढे जावे? कोणी बाजारपेठेत असे सर्वेक्षण प्रत्यक्ष केले असल्यास अनुभव जरूर लिहावा. प्रश्नावलीचा मसुदा हवा असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करेन.