मदत हवी आहे: शाळेच्या गव्हर्निंग बॉडीवर यायला पालकांना कसं तयार करावं? (इंग्लंड)

नमस्कार मंडळी,

मुलीच्या प्रायमरी शाळेत मी अडीच वर्षांपासून गव्हर्नर आहे. १२ पैकी ४ जागा रिकाम्या आहेत, त्यातल्या २ पालकांच्या. दोनदा निवडणूक जाहीर केली, एकही अर्ज नाही. कोणी उभं राहिलं नाही तर मंडळ स्वतः पालक नेमू शकतं, पण नेमायलाही कोणीतरी हो म्हणायला हवं ना!

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: इथल्या कौन्सिलच्या शाळांवर असं बिनपगारी मंडळ असतं. बजेट बघायचं, शाळेची दिशा ठरवायची, मुख्याध्यापकांना जाब विचारायचा. मुदत सहसा ४ वर्षं, पण मध्येच राजीनामा देता येतो. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आलेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. इथे पालकांच्या किमान दोन जागा सक्तीच्या, आणि नेमक्या त्याच भरत नाहीत.

लोकांना वेळ नसतो, असं मलाही वाटायचं. मागच्या आठवड्यात शाळा सुटताना गेटवर पत्रकं घेऊन उभी होते. पाऊस भुरभुरत होता. मुलीच्या वर्गातल्या एका मराठी मुलाची आई थांबली, पत्रक पूर्ण वाचलं, नीट चार घड्या घालून कोटाच्या खिशात ठेवलं आणि म्हणाली, "ताई, माझं इंग्लिश एवढं नाही हो. आणि गव्हर्नर म्हणजे मोठ्या लोकांचं काम." ही बाई नाशिकला दहा वर्षं बँकेत होती! आमच्या फायनान्स कमिटीत ताळेबंद वाचता येणारं एकही माणूस नाही. 'गव्हर्नर' म्हटलं की आपल्याला राज्यपाल आठवतात, त्या शब्दानेच माणूस दबतो. त्या दिवसापासून मला चैन नाही.

सभा संध्याकाळी ६ ला असते. मुलांच्या जेवणाची वेळ, आणि शिफ्टवाल्यांना तर अशक्यच. आठवडाभर आधी कागदपत्रं येतात, ती साठेक पानं बघून नवा माणूस घाबरतो. नोकरीतून यासाठी वाजवी वेळ मागण्याचा हक्क इथल्या १९९६ च्या रोजगार हक्क कायद्यात आहे, पण ती रजा पगारी असेलच असं नाही. वेअरहाऊसमध्ये तासावर काम करणाऱ्याने काय करावं?

शाळांना गव्हर्नर शोधून देणाऱ्या 'गव्हर्नर्स फॉर स्कूल्स' या संस्थेकडेही आम्ही नाव नोंदवलंय. तिथून हिशेब जाणणारं कोणी मिळेलही. पण मला याच गल्लीतली, याच गेटवर उभी राहणारी माणसं हवी आहेत.

तुमच्यापैकी कोणी गव्हर्नर आहे किंवा होतं का? पहिल्यांदा हो कशामुळे म्हणालात? कोणी आधी सभेला नुसतं बसायला बोलावलं होतं का? सभा ऑनलाइन घेऊन फरक पडला का? आणि त्या बाईंशी पुन्हा बोलायचं आहे. आग्रह केला तर त्या लाजेखातर हो म्हणतील, ते मला नको आहे. त्यांना हिशेबाचे कागद दाखवूनच विषय काढू का?

या वेळच्या अर्जाची मुदत पुढच्या शुक्रवारी संपते.