मदत हवी आहे: विश्वस्त मंडळाला तक्रार अर्ज कसा लिहायचा? (अर्जंट)

घाईत_आहे
नमस्कार. कोणाकडे तक्रार अर्जाचा मराठी नमुना आहे का, अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळाला उद्देशून? आमच्या सत्संग केंद्रातल्या संस्कार वर्गात एका सेवेकऱ्याने घाणेरडा प्रकार केलाय आणि मंडळ म्हणतंय आधी लेखी द्या, मग आमची समिती बसेल. रविवारी मीटिंग आहे. मागे एका बाईंनी त्याच्याबद्दल तोंडी सांगितलं होतं तेव्हा "बघतो" म्हणाले आणि त्याला दुसऱ्या केंद्रावर सेवेला पाठवलं, आता तो परत इथे. भाषा कडक पण सभ्य हवी कारण सासऱ्यांचा सगळा जन्म तिथे गेलाय. प्लीज लवकर. आणि श्रद्धेवर लेक्चर नको.

टग्या
घाणेरडा म्हणजे काय? कोणाशी? तुमच्याशी की आणखी कोणाशी?

बोरूबहाद्दर
मंडळाला अर्ज देऊन काही होत नाही हो. थेट धर्मादाय आयुक्तांकडे जा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कलम ४१ड, विश्वस्तांना निलंबित करता येतं, काढूनही टाकता येतं. आमच्या गावच्या देवस्थानात देणगी पेटीचा घोळ झाला तेव्हा मी स्वतः खेटे घातलेत, सगळी माहिती आहे, व्यनि (खाजगी निरोप) करा.

वकीलकाकू
बोरूबहाद्दर, इथे देणगी पेटीचा विषय नाही. घाईत_आहे, ज्यांच्यासोबत झालं त्या सज्ञान बाई असतील आणि तिथे नोकरीला किंवा सेवेकरी म्हणून काम करत असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा बघावा लागेल, त्यात बिनपगारी काम करणारेही येतात. दहा किंवा जास्त कर्मचारी असले तर संस्थेत अंतर्गत समिती हवी, त्यात एक सदस्य बाहेरचा हवा. तशी समिती नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रारीची मुदत तीन महिने. पण आधी वय सांगा.

घाईत_आहे
अहो संस्कार वर्ग लिहिलंय ना, लहान मुलीचंच असणार. जाऊबाईंची मुलगी, पाचवीत आहे. नमुना मिळेल का?

वकीलकाकू
थांबा. अर्ज बाजूला ठेवा.

मूल अठराच्या आतलं आहे म्हणजे पॉक्सो, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा. कलम १९ प्रमाणे ज्याला ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायलाच हवं, "आधी आमची समिती बसेल" अशी सवलत त्यात कुठेही नाही. नाही कळवलं तर कलम २१, सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाचं दाबून ठेवत असेल तर एक वर्षापर्यंत. म्हणजे मागच्या वेळी "बघतो" म्हणून बदली करणाऱ्यांनी स्वतःच गुन्हा करून ठेवलाय (तेव्हाही लहान मुलीचीच तक्रार असेल तर. होती का?). शिवाय धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा स्टाफमधल्या माणसाने त्याच संस्थेतल्या मुलासोबत हे केलं तर कायदा तो गुन्हा जास्त गंभीर धरतो.

श्रद्धावान
एका माणसापायी अख्ख्या संस्थेची बदनामी करायची का? पन्नास चांगली कामं करतात ही माणसं. मुलं टीव्ही बघून काहीही बोलतात. कोणी पाहिलंय का प्रत्यक्ष? आधी समितीने खात्री करू दे मग पोलीस आहेतच. आणि दरवेळी आपल्याच संस्था का दिसतात, चर्चमध्ये काय चालतं त्यावर बोला.

मेलबर्नकर
बोलतो की. आमच्याकडे ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ रॉयल कमिशन, म्हणजे संस्थांमधल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचा सरकारी चौकशी आयोग, बसलं होतं, चर्च, शाळा, अनाथाश्रम सगळ्यांची सुनावणी झाली. त्यात यहोवाचे साक्षीदार नावाचा पंथ होता, त्यांचा नियम असा की आरोपी कबूल नसेल तर दोन साक्षीदार हवेत, नाहीतर वडीलमंडळींची समिती पुढे जाणारच नाही. तुमचं "कोणी पाहिलंय का" हेच ते. असलं कृत्य कोणी दोन माणसं समोर बसवून करतं का? त्यांच्याच फायलींत १९५० पासूनचे १००६ आरोपी निघाले आणि संस्थेने स्वतःहून पोलिसांना त्यातला एकही कळवला नव्हता. एकही. आणि मुंबईच हवी असेल तर गोवंडीच्या शिवाजीनगरातली लहान मुलावरच्या अत्याचाराची २०१५ ची केस बघा, घरच्यांनी आधी चर्चच्या वरिष्ठांना सांगितलं, शेवटी पोलिसात स्वतःच गेले, फादरला डिसेंबर २०२१ मध्ये जन्मठेप लागली.

टग्या
डेरा सच्चा सौदाचं पण तेच. साध्वीने २००२ मध्ये निनावी पत्र थेट पंतप्रधान वाजपेयींना लिहिलं, कारण आत सांगणार कोणाला, ज्याच्याबद्दल सांगायचं तोच सर्वेसर्वा. बाबा राम रहीमला शिक्षा लागली २०१७ ला.

श्रद्धावान
तुम्हाला लांबलांबची उदाहरणंच बरी सापडतात.

वकीलकाकू
जवळचं घ्या. राजुरा, जिल्हा चंद्रपूर. आदिवासी मुलींच्या वसतिगृहात अत्याचार झाले, डॉक्टरला माहीत असूनही कळवलं नाही असा आरोप. हायकोर्टाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता, नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो पुन्हा उभा केला आणि सांगितलं की माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे. खात्री करणं पोलिसांचं आणि कोर्टाचं काम, भजनी मंडळाचं नाही.

आईसाहेब_नाशिक
मी माझ्या मुलीला पहिलीपासून कराटे लावलंय. प्रत्येक मुलीला लावायला पाहिजे. मोबाईलही बंद.

टग्या
अहो ताई, पाचवीतल्या पोरीने पन्नाशीच्या बाप्याला कराटेने पाडायचं का?

आईसाहेब_नाशिक
मी सहज सांगितलं. फी पण जास्त नाही.

बोरूबहाद्दर
तरीपण धर्मादायचा अर्ज समांतर टाकून ठेवाच.

घाईत_आहे
कराटेचं नंतर बघू. मागची मुलगी सातवीत होती, त्या बाई केंद्र सोडून गेल्या. आता अध्यक्ष म्हणतात तो लेखी माफी देईल, मुलीच्या पाया पडेल, विषय संपवा. सासरे तयार आहेत. आणि रविवारी मुलीला पण आणा म्हणतात, सगळ्यांसमोर विचारायला.

वकीलकाकू
मुलीला अजिबात नेऊ नका!! अकरा माणसांनी गोल बसून विचारलं की पोर एक तर गप्प होते नाहीतर त्यांना हवं ते बोलते, आणि पुढे कोर्टात तेच तिच्यावर उलटवतात. घरीही पुन्हा पुन्हा विचारू नका. आईला जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत तारखेसह लिहून ठेवा, अध्यक्षांचे मेसेज डिलीट करू नका. माफीनाम्याने पॉक्सोची केस मिटत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये राजस्थानातल्या एका शिक्षकाच्या केसमध्ये घरच्यांनी तडजोड केली होती, सुप्रीम कोर्टाने ती धरली नाही.

कुठल्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, केंद्र त्यांच्या हद्दीत नसलं तरी झिरो एफआयआर होतो. मुलीचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी, आणि गणवेशात नसावी असं कायद्यातच आहे. जबाबाला आईबाबा सोबत बसतात. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं, समितीकडे मुलीसाठी सपोर्ट पर्सन (केसभर सोबत राहून मदत करणारी व्यक्ती) मागा. आत्ता रात्री कोणाशी बोलायचं असेल तर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन. आणि इथे केंद्राचं, गावाचं, मुलीचं नाव कोणी विचारू नका, कोणी लिहू नका.

मेलबर्नकर
+१. आणि मागच्या वेळी ज्या दुसऱ्या केंद्रावर पाठवलं होतं तिथेही संस्कार वर्ग असेल ना? तेही पोलिसांच्या कानावर घाला.

घाईत_आहे
आहे. तिथे मोठा आहे वर्ग. जाऊबाई तयार आहेत पण दीर म्हणतात सासऱ्यांना विचारल्याशिवाय नाही. मग काय करू? मी नुसती काकू आहे, माझी तक्रार घेतील का?

वकीलकाकू
घ्यावीच लागते. कायद्यात "कोणतीही व्यक्ती" लिहिलंय, आईबापांची सही लागत नाही, आणि चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. घेत नाही म्हणाले तर ड्युटी ऑफिसरचं नाव लिहून घ्या आणि तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, शहरात असाल तर उपायुक्तांना. एफआयआरची प्रत फुकट मिळते, घेतल्याशिवाय उठू नका. जाऊबाई येत असतील तर दोघी जा, रविवारच्या आत. तुम्ही कुठल्या जिल्ह्यात आहात तेवढं व्यनि करा, तिथल्या ओळखीच्या वकील बाईंचा नंबर देते.